वायर कोणासाठी बदलली? – व्हिडीओ गेम, टीव्ही आणि एचडीएमआयची कहाणी

मे २००६मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘ई-थ्री’ प्रदर्शनाच्या निमित्ताने सोनी कंपनीने ‘प्लेस्टेशन ३’ या आपल्या आगामी कन्सोलच्या दोन आवृत्त्या जाहीर केल्या. एकीची किंमत ४९९ डॉलर, दुसरीची ५९९. हार्ड डिस्कच्या क्षमतेखेरीज दोन्हींत आणखीही एक फरक होता. स्वस्त आवृत्तीच्या पाठीमागे एचडीएमआयचे सॉकेट नव्हते. वर्षभरापूर्वी याच यंत्राचा नमुना मांडला गेला, तेव्हा त्याला अशी दोन सॉकेट होती. त्यामुळे ओरड झाली. स्वस्त यंत्र घेणाऱ्याला ‘खरे’ एचडी चित्र मिळणार नाही, असा आक्षेप घेतला गेला. अखेर सप्टेंबरमध्ये टोकियोच्या गेम शोमध्ये, ‘प्लेस्टेशन’चे जनक म्हणून ओळखले जाणारे केन कुतारागी यांनी स्वस्त आवृत्तीलाही हे सॉकेट देण्याची घोषणा केली. नोव्हेंबरमध्ये यंत्र बाजारात आले. ग्राहकांनी खोके उघडले, तर आत एचडीएमआयची वायर नव्हतीच. होती ती जुन्या टीव्हीला लावायची, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायर.

ज्या सॉकेटसाठी एवढे रामायण घडले, त्यात घालायची वायरच खोक्यात नसावी, ही केवळ काटकसर म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. त्यातून एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. खेळणाऱ्याला या वायरची गरज होती का? आणि त्याला नसेल, तर ती कोणाला होती? या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: एचडी चित्र आणि एचडी वायर. चित्रातील सुधारणेने खेळात खरोखरच फरक पडला. वायर मात्र मुळात सिनेमासाठी घडवली गेली होती. खेळ तिच्यामागून फरफटत गेला. हे समजून घेण्यासाठी आधी कन्सोल आणि टीव्ही यांचे नाते कसे जुळले ते पाहावे लागेल.

अँटेनाच्या दारातून

राल्फ बेअर हा जर्मनीतून निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेला टेलिव्हिजन अभियंता. १९६६मध्ये, न्यू हॅम्पशायरमधील सँडर्स असोसिएट्स या संरक्षणसामग्री बनवणाऱ्या कंपनीत असताना, त्याने टीव्हीवर खेळ खेळण्याची कल्पना कागदावर उतरवली. त्यातून तयार झालेला नमुना ‘ब्राउन बॉक्स’ म्हणून ओळखला जातो आणि आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७२मध्ये मॅग्नावॉक्स कंपनीने त्याच्या आधारे ‘ओडिसी’ हा पहिला घरगुती कन्सोल विकायला काढला.

बेअरपुढची अडचण साधी होती. त्या काळच्या टीव्हीला बाहेरून चित्र आत सोडायला एकच दार होते, अँटेनाचे. त्यामुळे कन्सोलला एखाद्या छोट्या प्रक्षेपण केंद्राचे सोंग घ्यावे लागे. तो आपले चित्र रेडिओ लहरींच्या रूपात तयार करी, आणि टीव्ही ते तिसऱ्या किंवा चौथ्या चॅनेलवर ‘पकडी’. अमेरिकेत गावागावांत या दोहोंपैकी एखादे चॅनेल रिकामे असे, म्हणून कन्सोलवर ते निवडण्याची सोय दिलेली असे. चित्र प्रथम लहरींत गुंफायचे आणि टीव्हीत पुन्हा उलगडायचे. या ये-जा करण्यात ते अंधुक होई, त्यात मुंग्या येत. पण ‘ओडिसी’च्या पडद्यावर दाखवायला होते तरी काय? पांढरे ठिपके आणि एक उभी रेघ. मैदान, जंगल वगैरे देखावा छापलेल्या पारदर्शक प्लास्टिकवर असे आणि ते प्लास्टिक पडद्यावर चिकटवावे लागे. अशा खेळाला वायरीचा दोष जाणवण्याचे कारण नव्हते.

पुढची तीस वर्षे हाच नियम लागू राहिला. यंत्राची चित्र काढण्याची ताकद वाढली, की वायर तोकडी वाटू लागे आणि नवे सॉकेट येई. १९८५मध्ये अमेरिकेत आलेल्या निन्टेन्डोच्या यंत्राला अँटेनाच्या जोडीने पिवळी पिन मिळाली. तीतून चित्र लहरींत न गुंफता थेट जाई. तिला ‘कॉम्पोझिट’ म्हणतात, कारण उजेड-अंधाराची माहिती आणि रंगांची माहिती एकाच तारेतून एकत्र जाते. टीव्हीला ती पुन्हा वेगळी करावी लागे आणि ते काम कधीच पुरते नीट होत नसे. रंगांच्या कडा ओघळत. यावर उपाय म्हणून ‘एस-व्हिडीओ’ आले, त्यात या दोन माहित्या वेगळ्या तारांतून जात. फ्रान्समध्ये ‘स्कार्ट’ नावाचे २१ पिनांचे सॉकेट रूढ झाले होते. लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग त्यातून स्वतंत्र जाऊ शकत. त्यामुळे १९८०-९०च्या दशकांत त्याच कन्सोलचे चित्र फ्रेंच घरात अमेरिकन घरापेक्षा बरेच नितळ दिसू शके.

म्हणजे वायरीने फरक पडत होता, हे निर्विवाद. पण तो फरक नेहमी चांगल्या बाजूचाच असे, असे मात्र नाही.

सेगा कंपनीच्या ‘मेगा ड्राइव्ह’ या यंत्राला पडद्यावर एका वेळी जेमतेम ६४ रंग दाखवता येत आणि पारदर्शकपणा दाखवण्याची खास सोय त्यात नव्हती. मग १९९१च्या ‘सॉनिक द हेजहॉग’मधला धबधबा पारदर्शक कसा दिसे? चित्रकारांनी पाण्याच्या एकाआड एक बारीक उभ्या रेघा काढल्या होत्या. पिवळ्या पिनेच्या वायरीत या रेघा एकमेकींत मिसळत आणि पाण्यापलीकडचे पात्र झिरझिरीत पडद्याआडून दिसावे तसे दिसे. हेच चित्र स्कार्टने पाहिले, की पाणी नाहीसे होऊन सरळसोट पट्टे उरत. वायरीचा दोष इथे चित्रकाराच्या हातातले साधन ठरला होता. चांगल्या वायरीने चित्र अधिक स्पष्ट केले आणि त्यातले पाणी घालवले.

कुलूप असलेली वायर

एचडीएमआयच्या जन्माची कथा मात्र खेळाशी जोडलेली नाही. १९९९मध्ये डीव्हीडीवरचे सांकेतिक कुलूप फोडणारा ‘डीसीएसएस’ हा प्रोग्रॅम सर्वत्र पसरला. चित्रपट कंपन्यांचे धाबे दणाणले. यापुढचे माध्यम एचडी असणार होते. त्याची प्रत निघाली तर ती मूळ चित्रपटाच्या जवळपास तोडीची असणार होती. म्हणून केवळ तबकडीला कुलूप लावून भागणार नव्हते. तबकडीपासून टीव्हीपर्यंतच्या सगळ्या वाटेवर पहारा हवा होता. इंटेल कंपनीने विकसित केलेल्या ‘एचडीसीपी’ या पद्धतीत नेमके हेच होते. यंत्र आणि टीव्ही आधी एकमेकांची ओळख पटवतात आणि ती पटली तरच सांकेतिक रूपातले चित्र पुढे जाते.

डिसेंबर २००२मध्ये हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी एचडीएमआयचे पहिले मानक प्रसिद्ध केले. एकाच वायरीतून चित्र आणि आवाज, दोन्ही अंकीय रूपात. ही ग्राहकाची खरी सोय होती आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्यातून जाणाऱ्या मजकुराला एचडीसीपीचे कुलूप घालता येत होते, हे चित्रपट कंपन्यांच्या दृष्टीने तिचे मुख्य आकर्षण होते.

इथे एक गोष्ट विसरली जाते. एचडी चित्र नेणारी वायर त्याआधीच अस्तित्वात होती. ‘कॉम्पोनंट’ या नावाची ती वायर, चित्रासाठी लाल, हिरव्या व निळ्या अशा तीन पिनांची. ती अंकीय नसली तरी ७२० आणि १०८० रेषांचे चित्र तीतून व्यवस्थित जाई. २००१चा पहिला ‘एक्सबॉक्स’ काही खेळांत याच मार्गाने एचडी चित्र देऊ शकत होता. बैठकीच्या खोलीत, दीड-दोन मीटरच्या चांगल्या वायरीने जोडणी केली, तर कॉम्पोनंट आणि एचडीएमआय यांतला फरक ओळखणे बहुतेकांना अवघड जाई. कॉम्पोनंटचा दोष एकच होता. तिला कुलूप लावता येत नव्हते.

म्हणून ब्लू-रे तबकडीच्या नियमांत एक खास तरतूद झाली. चित्रपट कंपनीने तबकडीवर तशी खूण टाकली, तर बिनकुलपाच्या वायरीतून जाणारे चित्र १९२० गुणिले १०८०ऐवजी ९६० गुणिले ५४० इतके, म्हणजे पाव भागावर आणायचे. पुढे २०११पासून नव्याने बनणाऱ्या यंत्रांना तर ब्लू-रे चित्रपट अशा वायरीतून एचडी रूपात देण्याचीच मनाई झाली. हे दोन्ही निर्बंध चित्रपटांपुरते होते. त्याच ‘प्लेस्टेशन ३’वरचा खेळ कॉम्पोनंट वायरीतून शेवटपर्यंत एचडी दिसत राहिला. २००६च्या त्या गदारोळात हे कोणी फारसे सांगितले नाही. स्वस्त यंत्रावर खेळाचे काही बिघडणार नव्हते. बिघडू शकणार होता तो चित्रपट. आणि सोनी ही ब्लू-रेच्या प्रवर्तकांपैकी एक होती, चित्रपटही काढत होती.

घोषणेचे ‘एचडी युग’

प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टची गोष्ट याला पूरक आहे. मार्च २००५मध्ये कंपनीचे जे. अलार्ड यांनी गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत ‘एचडी युगा’ची घोषणा केली. नोव्हेंबरमध्ये ‘एक्सबॉक्स ३६०’ आला, तो एचडीएमआयच्या सॉकेटशिवाय. एचडी युगाचा हा पहिला शिलेदार सगळे एचडी चित्र कॉम्पोनंटमधून पाठवत होता आणि खेळणाऱ्यांचे काही अडत नव्हते. एचडीएमआय असलेली ‘एलिट’ आवृत्ती २००७मध्ये आली.

मग चित्रातच किती एचडी होते? जुन्या पद्धतीचे ६४० गुणिले ४८०चे चित्र म्हणजे सुमारे ३ लाख ७ हजार ठिपके. ७२० रेषांच्या चित्रात ते ९ लाख २१ हजार होतात आणि १०८० रेषांत सुमारे २० लाख ७४ हजार. हे सगळे ठिपके सेकंदाला ३० किंवा ६० वेळा नव्याने रंगवायचे, हे यंत्राचे काम. ते त्याला झेपतेच असे नाही. सप्टेंबर २००७मध्ये आलेला ‘हेलो ३’ हा एक्सबॉक्सचा मानबिंदू. त्याचे चित्र प्रत्यक्षात ११५२ गुणिले ६४० इतकेच आहे, हे तो बनवणाऱ्या बन्जी कंपनीने नंतर मान्य केले. त्याच वर्षीचा ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ १०२४ गुणिले ६००वर चाले. यंत्र हे चित्र ताणून मोठे करी आणि मग वायरीत सोडी. टीव्हीच्या कोपऱ्यात ‘१०८०’ असा आकडा झळकला, तरी त्याचा अर्थ एवढाच, की पाकीट त्या मापाचे आहे. आतले पत्र केवढे, हे त्यावरून कळत नाही.

शिवाय डोळ्याचीही मर्यादा असते. सामान्य निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखता येतो, असे ढोबळमानाने धरतात. या हिशेबाने ३२ इंची टीव्हीवर १०८० रेषांचा पूर्ण लाभ घ्यायचा, तर साधारण ४ फुटांवर बसावे लागते. ७२० रेषांसाठी ६ फूट. ४८० रेषांच्या चित्रातले ठिपके मात्र ९ फुटांवरूनही जाणवू लागतात. म्हणजे नेहमीच्या खोलीत, ७-८ फुटांवर बसलेल्या माणसाला जुन्या चित्राकडून ७२०कडे आल्याचा फरक लगेच कळे. तिथून १०८०कडे गेल्याचा फरक त्याला जाहिरात वाचून कळे.

ज्यांच्याकडे जुना टीव्ही होता

पण या पहिल्या फरकाला एक काळी बाजूही होती. ऑगस्ट २००६मध्ये कॅपकॉम कंपनीचा ‘डेड रायझिंग’ हा खेळ आला. त्यातला मजकूर एचडी टीव्ही समोर धरून मांडलेला होता. साध्या टीव्हीवर ती अक्षरे इतकी बारीक दिसत, की पुढे काय करायचे याच्या सूचनाच वाचता येत नसत. पैसे पुरे भरून घेतलेला खेळ नीट खेळता येत नव्हता, आणि त्या वेळी अमेरिकेतही असंख्य घरांत साधेच टीव्ही होते. आधीच्या प्रत्येक बदलात जुन्या टीव्हीवाल्याला कमी सुंदर चित्र मिळत असे. आता त्याला खेळाबाहेरच राहावे लागण्याची पाळी आली.

आपल्याकडून पाहिले, तर हे अंतर आणखी मोठे दिसते. १९९०च्या दशकात मराठी घरांत जो ‘व्हिडीओ गेम’ पोहोचला, तो बहुधा निन्टेन्डोच्या यंत्राची पूर्व आशियातून आलेली स्वस्त नक्कल असे. त्याच्या कार्ट्रिजला आपण ‘कॅसेट’ म्हणत होतो. टीव्हीचे बटण फिरवून चॅनेल शोधायचे, मुंग्यांतून चित्र वर आले की सगळ्यांनी ओरडायचे. बेअरने काढलेली अँटेनाची वाट आपल्याकडे अशी तीन दशके चालू राहिली. अमेरिकेत एचडी युगाची घोषणा झाली तेव्हा इथे घराघरांत पिक्चर ट्यूबचेच टीव्ही होते. दूरदर्शनची एचडी वाहिनी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी, २०१०मध्ये सुरू झाली.

या पार्श्वभूमीवर निन्टेन्डोचा निर्णय पाहण्यासारखा आहे. या कंपनीने २००१च्या ‘गेमक्यूब’ला अधिक चांगल्या चित्रासाठी वेगळे अंकीय सॉकेट दिले होते. ते वापरणारे एक टक्काही नाहीत, असे कारण देऊन २००४मध्ये तिने ते काढून टाकले. त्यानंतर २००६मध्ये तिने ‘वी’ आणला. त्यात एचडीएमआय नव्हते, एचडी चित्रही नव्हते. कमाल ४८० रेषा. हातातला रिमोट रॅकेटसारखा फिरवून टेनिस खेळायचे, हे त्याचे वैशिष्ट्य. तो १० कोटींहून अधिक विकला गेला. त्याचे दोन्ही एचडी प्रतिस्पर्धी ८ कोटींच्या पुढे गेले खरे, पण ९ कोटींपर्यंत पोहोचले नाहीत. चित्राला महत्त्व नाही, असा निष्कर्ष यातून काढणे चूक ठरेल. निन्टेन्डोने स्वतः २०१२च्या पुढच्या यंत्राला एचडीएमआय दिलेच. मात्र लोक खेळ कशासाठी विकत घेतात, याच्या यादीत वायर किती खाली होती, हे त्यातून दिसते.

उशीर आणि पहारा

खेळाची एक गरज सिनेमाला नसते. बटण दाबले, की पडद्यावर ताबडतोब काही घडावे लागते. पिक्चर ट्यूबचा टीव्ही आलेला संकेत जवळजवळ त्याच क्षणी काचेवर उमटवी. चपट्या टीव्हीत ठिपक्यांची संख्या ठरलेली असते. आलेले चित्र त्या मापात बसवणे, रंग खुलवणे, हालचाल गुळगुळीत करणे या सोपस्कारांत काही दशांश नाही, तरी काही शतांश सेकंद जातात. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात एका चित्राचे आयुष्यच सुमारे १७ मिलिसेकंद असते. सिनेमा एवढा उशिरा दिसला तर बिघडत नाही. ध्वनीही तितकाच थांबवता येतो. पण ‘गिटार हीरो’ किंवा ‘रॉक बँड’सारख्या तालावरच्या खेळांत ताल चुकू लागला आणि टीव्हीचा उशीर मोजून भरून काढण्याची सोय खेळातच द्यावी लागली. वायर बदलून हा दोष जात नव्हता, कारण तो टीव्हीच्या पोटात होता.

दुसरीकडे, सिनेमासाठी लावलेले कुलूप खेळणाऱ्याच्या वाट्याला आले. ‘प्लेस्टेशन ३’च्या एचडीएमआयमधून जाणारे सगळेच चित्र कुलूपबंद असे, खेळाचेसुद्धा. स्वतः खेळलेला डाव रेकॉर्ड करायचा, तर लोक पुन्हा जुनी कॉम्पोनंट वायर काढत. २०१३च्या ‘प्लेस्टेशन ४’ला एचडीएमआयखेरीज चित्राचे दुसरे सॉकेटच नव्हते. कुलूप उघडण्याची सोय खेळापुरती देण्यात आली, ती पुढच्या वर्षी, सॉफ्टवेअर बदलून. ज्या पहाऱ्यापायी हे सारे चालले होते, त्याची मूळ किल्ली सप्टेंबर २०१०मध्येच उघड झाली होती आणि इंटेलने ती खरी असल्याचे मान्यही केले होते. चोरांसाठी दार उघडे झाले होते. घरचा माणूस मात्र किल्ली मागत उभा होता.

एचडीएमआयने खेळाचा खास विचार केला, तो नोव्हेंबर २०१७च्या २.१ या आवृत्तीत, म्हणजे जन्मानंतर १५ वर्षांनी. खेळ सुरू होताच टीव्हीने आपले सोपस्कार आपोआप बंद करावेत आणि यंत्राला पुढचे चित्र तयार करायला कमी-जास्त वेळ लागला तर टीव्हीने त्याच्या चालीने चालावे, अशा तरतुदी त्यात आल्या. २०२०च्या दोन्ही मोठ्या कन्सोलना ही वायर लागते आणि तिच्यामुळे खेळताना हाताला फरक जाणवतो. ‘वायरीने फरक पडतो का?’ या प्रश्नाला आज ‘हो’ म्हणता येते, ते मुख्यतः या कारणाने.

जाता जाता गमावलेले

या प्रवासात काही गोष्टी मागे राहिल्या. १९८४च्या ‘डक हंट’मध्ये प्लास्टिकच्या बंदुकीने पडद्यावरची बदके टिपता येत. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीतला संवेदक तो उजेड शोधे. ही सगळी युक्ती पिक्चर ट्यूबच्या तत्परतेवर उभी होती. चपट्या टीव्हीवर ती बंदूक निरुपयोगी आहे. सॉनिकचा धबधबाही आज पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. नव्या यंत्रांवर जुने खेळ विकताना कंपन्या आता जुन्या टीव्हीसारखा धूसरपणा मुद्दाम आणणारी सोय देतात. खेळ जतन करणे म्हणजे फक्त कॅसेट जपणे नव्हे. तिच्यासोबत तो टीव्ही आणि ती वायरही जपावी लागते, हे यातून उमगते.

वायरीचे प्रत्येक नवे मानक अधिक चांगल्या चित्राचे आश्वासन देत येते आणि ते आश्वासन बहुतेक वेळा खोटे नसते. परंतु त्या चांगल्या चित्राबरोबर आपल्या घरात आणखी कोणाची गरज शिरते आहे, हे दुकानदार सांगत नाही. २००६मध्ये भांडणारे ग्राहक चित्रासाठी भांडत होते. त्यांना सॉकेट मिळाले, आणि त्यासोबत एक पहारेकरीही मिळाला, जो त्यांनी मागितला नव्हता. खेळाच्या चित्राला त्या वेळी जी वायर पुरेशी होती, ती पुढे सॉकेटांमधूनच नाहीशी झाली. तिच्यात फार मोठा दोष नव्हता. तिला फक्त कुलूप नव्हते.